तिसऱ्या सिलिंडरचे खोटे तापमान: माझा अनुभव

मी स्वतः बांधलेल्या दोन आसनी विमानात लायकमिंग ओ-३२० हे हवेने थंड होणारे इंजिन आहे. उड्डाणात चारपैकी तीन सिलिंडर हेडचे (सिलिंडरच्या वरच्या टोकाचे) तापमान ३८० अंश फॅरनहाइटच्या आसपास राही, तिसरे मात्र ३३० दाखवी. हे सिलिंडर उजव्या बाजूला मागे, म्हणजे समोरून येणाऱ्या थंड हवेपासून दूर आहे; तेच सर्वांत गार असावे, हे मला पटेना.

पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे प्रोब (तापमान मोजणारे संवेदक) अदलाबदल करूनही कमी आकडा उपकरणाच्या तिसऱ्याच वाहिनीवर राहिला. म्हणजे प्रोब निर्दोष होते. उकळत्या पाण्याची चाचणीही बरोबर आली, आणि तिनेच मला काही दिवस चकवले. कारण त्या वेळी प्रोबच्या वायरचा इंजिनकक्षातील जोड आणि कॉकपिटमधील उपकरण एकाच तापमानाला होते. नंतर तोच जोड हेअर ड्रायरने तापवताच आकडा घसरू लागला.

बांधणीच्या वेळी वायर कमी पडली म्हणून मी त्या जोडापासून उपकरणापर्यंत साधी तांब्याची वायर ओढली होती. थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा असा प्रोब, आपल्या दोन टोकांच्या तापमानातील फरक मोजतो; त्यामुळे जोड उपकरणापेक्षा जितका गरम, जवळजवळ तितकाच आकडा कमी दिसे. तांब्याची दोन्ही टोके एकाच तापमानाला असती, तर चूक झाली नसती.

तेथे प्रोबच्याच धातूंची, जे प्रकारची लोखंड-कॉन्स्टंटन (तांबे-निकेल मिश्रधातू) वायर, पांढरी धन आणि लाल ऋण हे अमेरिकी रंगसंकेत पाळून, थेट उपकरणापर्यंत बसवली. पुढच्या उड्डाणात तिसऱ्याने ४०० दाखवले! कमाल मर्यादा ५०० असली तरी मी लगेच काउलिंग (इंजिनवरचे आवरण) उघडले. मागच्या बॅफलच्या (थंड हवा सिलिंडरांकडे वळवणाऱ्या पत्र्याच्या) सीलमध्ये फट सापडली. ती उच्च तापमानाच्या सिलिकोनने बुजवल्यावर तिसरे सिलिंडर ३८५ वर स्थिरावले.