काकाडूच्या रानात गाईडसोबत चालायला जायचंय? मग प्लॅन पाण्यापासून सुरू करा

दरवर्षी दिवाळी झाली की कोणाचा तरी मेसेज येतोच, अरे तू ते ऑस्ट्रेलियातलं डार्विनकडचं काकाडूचं रान चालून आलास ना, आम्ही सात-आठ जण आहोत, ख्रिसमसच्या सुट्टीत जमवून टाकू का. आता ख्रिसमस म्हणजे तिकडे आपला जुलै चालू असतो. आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजेच ट्रेकचा सीझन, राजमाची, लोहगड, भिजलेली सॅक आणि वर गरम भजी. ऑस्ट्रेलियाच्या वरच्या टोकाला, ज्याला ते टॉप एंड म्हणतात, तिथे पावसाळ्यात रस्तेच पाण्याखाली जातात आणि ओढ्यांना पूर आला की खाऱ्या पाण्यातल्या मगरी एरवी जिथे नसतात तिथे आत येऊन बसतात. त्यामुळे पहिलं काम म्हणजे कॅलेंडर उलटं करा, मे ते सप्टेंबर.

बाहेरचे लोक दोनच सीझन मोजतात, ओला आणि कोरडा. तिथले मूळ रहिवासी बिनिंज लोक मात्र सहा ऋतू मोजतात आणि प्लॅनिंगसाठी तेच जास्त कामाचे आहेत. मे-जूनचा येग्गे म्हणजे पाऊस संपलाय, ओढे वाहताहेत, सकाळी धुकं. जून ते ऑगस्ट वुर्गेंग, थंड आणि कोरडा, म्हणजे थंड त्यांच्या हिशोबाने हं, दुपारी ३० डिग्री असतंच. ऑगस्टनंतर गुर्रुंग लागतो, गरम आणि कोरडा, पाणी आटत जातं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जून-जुलै पकडावा. सप्टेंबरचं बुकिंग सहज मिळालं म्हणून खूश होऊ नका, ते सहज का मिळालं याचा आधी विचार करा.

आता कुठे जायचं. माझ्या मते दोन पर्याय आहेत आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक म्हणजे जाटबुला ट्रेल, डार्विनच्या दक्षिणेला साधारण ३२० किमीवर कॅथरिन गाव आहे, तिथल्या निटमिलुक पार्कमध्ये. ६२ किमी, पाच-सहा दिवस, एकाच दिशेने चालायचं, झाडांवर-दगडांवर निळे त्रिकोण ठोकलेत ते बघत जायचं, आणि रोजचा मुक्काम एखाद्या धबधब्याच्या नाहीतर डोहाच्या काठी. तिथल्या मूळ रहिवासी जावॉयन लोकांच्या जमीनहक्कासाठी उभे राहिलेल्या पीटर जाटबुला यांचं नाव या वाटेला दिलंय, आणि पार्क १९८९ मध्ये त्यांच्या लोकांना परत मिळालं. रोज मोजक्याच लोकांना सोडतात, त्यामुळे पुढच्या वर्षीचं बुकिंग उघडलं की जागा भराभर जातात.

दुसरा पर्याय काकाडू, जवळजवळ २०,००० चौरस किमीचं पार्क. तिथे गाईडसोबत जे आठवडाभराचे ट्रेक होतात त्यात वाटच नसते. खडकाळ पठारावर, ज्याला ते स्टोन कंट्री म्हणतात, गाईड नकाशा बघत चालणार आणि तुम्ही त्याच्या मागे. गाईडशिवाय जायचं तर रात्रीच्या मुक्कामाला परमिट लागतं, रूट नकाशावर आखून आधी द्यावा लागतो, आणि खरं सांगू का, पहिल्या वेळी त्या भानगडीत पडूच नका.

आणि इथेच आपले सह्याद्रीवाले चुकतात, मी पण चुकलो होतो. आपण किमी बघतो. दिवसाला आठ किमी फक्त? अरे एवढं तर आपण नाश्त्याआधी करतो! पण वाट नसलेल्या रानात, वाळूच्या दगडाच्या मोठाल्या शिळांवरून उड्या मारत, स्पिनिफेक्स नावाच्या सुयांसारख्या गवतातून, पाठीवर पंधरा किलो घेऊन, तासाला एक-दीड किमी झालं तरी खूप झालं. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट आठवा आणि तिला सपाट करून वर मे महिन्याचं ऊन ठेवा, साधारण तसं. म्हणून प्लॅन किमीवर करायचाच नाही, पाण्यापासून पाण्यापर्यंत करायचा. गडावर टाकं असतं, पायथ्याला गाव असतं, कुणीतरी मावशी ताक देते. इथे माणूस नाही, विहीर नाही. नकाशावर निळी रेघ आहे म्हणजे जुलैत तिथे पाणी आहे असं अजिबात नाही, ते ज्याने त्या वर्षी बघितलंय त्यालाच माहीत, आणि गाईडचे पैसे आपण मुख्यतः ह्याच्यासाठी देतो.

गाईड कंपनी निवडताना फोटो बघून भुलू नका, फोन करा आणि विचारा. हा रूट याच सीझनमध्ये तुमच्यापैकी कोणी केलाय का. ग्रुप किती जणांचा, एकच गाईड की दोन. पार्कमध्ये व्यावसायिक ट्रिप नेण्याचं परमिट आहे का. सॅटेलाइट फोन असतो का. एखाद्याला तिसऱ्या दिवशी जमेनासं झालं तर काय करता. या शेवटच्या प्रश्नावर जो गाईड 'असं कधी होत नाही' म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका. आम्ही एकदा अशाच एका गोड बोलणाऱ्याकडे बुकिंग केलं होतं, जेवण त्यांच्याकडे म्हणून सांगितलं होतं पण ते वाहायचं कोणी हे नव्हतं सांगितलं, पार्किंगमध्ये प्रत्येकाच्या हातात चार किलोची पिशवी आली. तेव्हा सॅकचं वजन जेवण आणि पाणी धरून किती होणार हे आधी लिहून घ्या. व्हेज, जैन, काय असेल ते पण तेव्हाच सांगा.

मगरींबद्दल घरचे विचारणारच. दोन जाती आहेत, गोड्या पाण्यातली लहान आणि बऱ्यापैकी लाजाळू (पण डिवचलं तर चावते), आणि खाऱ्या पाण्यातली, जी नावाला खारी आहे पण नदीत, दलदलीत, खाडीत कुठेही असते आणि माणूस खाते. पावसाळा संपला की रेंजर लोक रात्री बॅटऱ्या घेऊन डोह तपासतात, सापळे लावतात, आणि मगच पोहायला उघडतात, म्हणून काही जागांची उघडायची तारीख दरवर्षी मागेपुढे होते. पठारावरचे धबधब्यांच्या वरचे डोह सहसा सुरक्षित, कारण एवढा कडा मगरीला चढता येत नाही, आणि तिथे दिवसभराच्या चालीनंतर डुंबायला जे सुख आहे ते शब्दात सांगता येणार नाही. पण उतरायचं की नाही ते गाईड ठरवणार. खालच्या सपाटीला तर भांडी घासायलासुद्धा काठावर बसायचं नाही, तंबू पाण्यापासून किमान ५० मीटर लांब. आणि हो, रानात म्हशी दिसतील. आशियातून आणलेल्या, पुढे रानटी झालेल्या. आपल्याला बघून घरचं वाटतं पण ती गोठ्यातली नाहीये, लांबूनच नमस्कार.

साप चावला तर ऑस्ट्रेलियात पूर्ण हातापायाला दाब देणारं रुंद बँडेज गुंडाळतात, काठी बांधून हलू देत नाहीत, आणि चावलेल्या माणसाला एक पाऊलही चालवत नाहीत. आपल्याकडे घोणसच्या चाव्याला असं करू नका सांगतात, तिथले साप वेगळे म्हणून पद्धत वेगळी. प्रत्येकाच्या सॅकमध्ये असं एक बँडेज हवंच, आणि ते वरच्या खिशात, तळाला नाही. मोबाईलला रेंज नाही म्हणजे खरंच नाही, तेव्हा गाईडकडे असला तरी ग्रुपकडे आपला एक पीएलबी असावा, बटण दाबलं की सॅटेलाइटला सिग्नल जातो ते यंत्र, त्याचं रजिस्ट्रेशन तिथे फुकट होतं. भारतातून आई-बाबा किंवा मित्र येणार असतील तर इन्शुरन्समध्ये हेलिकॉप्टरने हलवायचा खर्च धरलाय का ते वाचून घ्या. तिथे राहणाऱ्यांनीही, कारण मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य योजना, अँब्युलन्सचे पैसे देत नाही.

खाण्याचं म्हणाल तर माणशी दिवसाला ६००-७०० ग्रॅम कोरडा शिधा पुरतो. मेतकूट, पोहे, भाजलेला रवा, शेंगदाण्याची चटणी, चिक्की, हे सगळं तिथे हिट आहे, गोऱ्या गाईडने आमचा मेतकूट भात दोनदा मागून घेतला. भारतातून डबे भरून आणणाऱ्यांनी विमानतळावर सगळं डिक्लेअर करा, त्यापेक्षा मेलबर्न-सिडनीच्या इंडियन दुकानातून घेतलेलं बरं. स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, तो डार्विनला घ्यायचा. बूट किमान दोन महिने वापरलेले हवेत, पण दहा वर्षं कपाटात पडलेले पण नकोत, आमच्यातल्या एकाच्या जुन्या बुटांचे सोल दुसऱ्याच दिवशी केळीच्या सालीसारखे सुटले आणि पुढचे चार दिवस तो डक्ट टेपवर चालला.

तयारीला पुण्या-मुंबईवाल्यांनी कळसूबाई लोडेड सॅकने दोन-तीनदा करा, मेलबर्नवाल्यांना शहराजवळची थाउजंड स्टेप्सची पायऱ्यांची चढण आहेच. पण मेलबर्नच्या जुलैच्या थंडीतून थेट डार्विनच्या उन्हात उतरलं की शरीर गांगरतं, म्हणून दोन दिवस आधी पोचा. पहाटे लवकर निघायचं, दुपारी सावलीत पडायचं.

एक गोष्ट गाईड सांगेलच पण आधीच मनात ठेवून जा. कपारींत हजारो वर्षांची चित्रं आहेत. हात लावायचा नाही, पाणी मारून उठाव आणायचा नाही, आणि आडबाजूची जागा सापडली तर लोकेशन टाकायचं नाही. काही ठिकाणी फोटोला पण नाही म्हणतात, कारण विचारत बसू नका. काकाडूच्या दक्षिण भागाला जावॉयन लोक आजाराचा मुलूख म्हणतात, तिथली जमीन ढवळायची नाही असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, आणि नंतर कळलं की त्या जमिनीत युरेनियम आहे. १९९१ मध्ये तिथल्या कोरोनेशन हिलवरची खाण सरकारने नाकारली ती त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवून. तेव्हा गाईड म्हणाला की इकडून नाही, वळसा घालून जायचं, तर तो दोन तासांचा वळसा मुकाट्याने घालायचा.

परतीचं विमान ट्रेक संपल्याच्या दिवशीचं काढू नका. जाटबुला लेलिनला (म्हणजे एडिथ फॉल्स धबधब्याला) संपते, तिथून गाडीपर्यंत न्यायला शटल आधी ठरवलेली हवी, आणि एखादा दिवस हातात राहिला तर खालच्या मोठ्या डोहात (त्या वर्षी उघडा असेल तर) पडून राहायचं. तिथे छोटं कँटीन पण आहे, आमच्यातल्या दोघांनी सॅक न काढताच आईस्क्रीमच्या फ्रीजसमोर ठाण मांडलं होतं.