कर्नलमधील मेमरी-वाटपाचा कोड सोपा करताना

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या कोडमध्ये, योगदानाची सुरुवात कोठून करावी, असे विचारणाऱ्या नवख्यांना मी बहुधा ड्रायव्हर्समधील मेमरी-वाटपाचा कोड वाचायला सांगतो. तो जागोजागी विखुरलेला आहे, त्यातील बराचसा जुना आहे आणि तो नीट समजून घेता घेता कर्नलचे कितीतरी नियम अंगवळणी पडतात. जो कोड वाचताना कमीत कमी अटी डोक्यात धराव्या लागतात, त्याला मी सोपा कोड म्हणतो. ओळी किती कमी झाल्या, हा हिशेब त्यानंतरचा.

पहिले उदाहरण गुणाकाराचे. केमॅलॉकला, म्हणजे कर्नलमध्ये मेमरी मागण्याच्या फंक्शनला, आकार देताना ‘संख्या गुणिले एका घटकाचा आकार’ असे थेट लिहिलेले जुन्या कोडमध्ये वारंवार आढळते. समजा, यंत्र ३२ बिटांचे आहे, एक घटक १६ बाइटांचा आहे आणि संख्या युजरस्पेसकडून, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्रामकडून, येते. कोणी २६,८४,३५,४५७ ही संख्या पाठवली, तर गुणाकार ३२ बिटांत मावत नाही आणि उरतात फक्त १६ बाइट. वाटप यशस्वी होते, म्हणून पुढची तपासणी काहीच पकडत नाही, आणि त्यानंतरचा लूप मात्र कोट्यवधी घटक लिहायला निघतो. केकॅलॉक किंवा केमॅलॉक-ॲरे ही फंक्शने संख्या आणि आकार वेगवेगळे घेतात व गुणाकार ओव्हरफ्लो झाल्यास सरळ नल, म्हणजे ‘मेमरी मिळाली नाही’ असे सांगणारा रिकामा पॉइंटर, परत देतात. ओळ तेवढीच राहते, पण ‘संख्या फार मोठी तर नाही ना’ ही अट वाचणाऱ्याच्या डोक्यातून उतरते. स्ट्रक्चरच्या शेवटी बदलत्या लांबीचा ॲरे असेल, तर स्ट्रक्ट-साइझ हे मॅक्रो तेच काम करते.

केमॅलॉकपाठोपाठ मेमरी शून्याने भरणारे मेमसेट असेल तर दोन्हींऐवजी, दोन्ही कामे एकत्र करणारे केझॅलॉक वापरणे, मेमरी सोडणाऱ्या केफ्रीपूर्वीची नल-तपासणी काढणे, हे बदल किरकोळ आहेत आणि कॉक्सिनेल हे साधन ते शोधूनही देते. उलट दिशेने जाताना मात्र जपावे. सगळी फील्डे नंतर भरली जातातच, या समजुतीने केझॅलॉकच्या जागी केमॅलॉक घातले आणि ते स्ट्रक्चर युजरस्पेसला कॉपी होत असले, तर फील्डांमधल्या पॅडिंगच्या, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या, बाइटांतून कर्नलची जुनी माहिती बाहेर जाऊ शकते.

खरा अभ्यास लागतो तो संदर्भाचा, म्हणजे कोड कोणत्या परिस्थितीत चालतो याचा. जीएफपी-कर्नल हा फ्लॅग दिल्यास वाटपासाठी झोपावे, म्हणजे थांबून वाट पाहावी, लागू शकते, आणि स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) हातात असताना झोपायला मनाई आहे. म्हणून अनेक जण तेथे न झोपता वाटप करणारा जीएफपी-ॲटॉमिक टाकून मोकळे होतात. असे वाटप अपयशी ठरण्याची शक्यता अधिक असते, शिवाय राखीव साठ्यावर भार पडतो. कित्येकदा ते वाटप लॉक घेण्यापूर्वीच करता येते: लॉकखालचा भाग आखूड होतो, फ्लॅग नेहमीचा राहतो आणि अपयशाच्या वाटेवर लॉक सोडण्याची ओळही नाहीशी होते. या कामातील मला सर्वांत आवडणारा बदल हाच.

डेव्हएम गटातील फंक्शनांबद्दल मी थोडा साशंक असतो. ड्रायव्हर उपकरणापासून सुटताच ती मेमरी आपोआप मोकळी होते, त्यामुळे गोटूची लेबले (अपयशानंतर आवराआवर करणाऱ्या ओळींच्या खुणा) भराभर गळतात आणि पॅच, म्हणजे पाठवायचा बदल, देखणा दिसतो. परंतु उपकरण काढल्यानंतरही एखाद्या प्रोसेसने त्याची फाइल उघडी ठेवलेली असेल, तर मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लागतो.

मोठ्या प्रमाणावरचे सुलभीकरण पाहायचे असेल, तर ॲलोकेटरांचाच, म्हणजे मेमरी वाटणाऱ्या यंत्रणांचाच, इतिहास वाचावा. अनेक वर्षे कर्नलमध्ये स्लॅब, स्लॉब आणि स्लब असे तीन पर्याय शेजारी शेजारी नांदत होते. २०२३ मध्ये ६.४ या आवृत्तीतून स्लॉब गेला आणि २०२४ मध्ये ६.८ मधून स्लॅब. स्लॉब स्वतंत्र कॅशमधील (एकाच प्रकारासाठी राखलेल्या साठ्यातील) ऑब्जेक्टचा आकार त्याच्यासोबत नोंदवत नसे, म्हणून असे ऑब्जेक्ट केफ्रीने सोडणे सर्वत्र चालेल याची हमी देता येत नव्हती. तो गेल्यावर ती मुभा अधिकृतपणे मिळाली. लहान यंत्रांसाठी ठेवलेल्या एका पर्यायामुळे बाकी सर्वांना एक नियम पाळावा लागत होता.

पॅच पाठवण्यापूर्वी अपयशाची वाट प्रत्यक्ष चालवून पाहावी, कारण ती एरवी जवळजवळ कधीच चालत नाही. फेलस्लॅब मुद्दाम वाटप अपयशी करते, तर कासॅन आणि केमेमलीक अनुक्रमे चुकीचा मेमरी-वापर आणि गळती दाखवतात. एका पॅचमध्ये एकाच प्रकारचा बदल ठेवावा आणि तो सुरक्षित का आहे, हे संदेशात लिहावे: हे फंक्शन कोणत्या संदर्भातून बोलावले जाते, लॉक कोठे घेतले जाते, मेमरी शेवटी कोण सोडते. मेंटेनरला, म्हणजे कोडचा तो भाग सांभाळणाऱ्याला, हेच तपासायचे असते. त्याने शंका काढल्यास आधी उत्तर द्यावे, मगच दुसरी आवृत्ती पाठवावी, आणि तिच्यात काय बदलले ते संदेशातील तीन आडव्या रेघांखाली नोंदवावे, म्हणजे तो मजकूर कायमच्या इतिहासात जात नाही.