नाशिकच्या थंडीची तारीख पकडून बागेची तयारी

परदेशी बियाण्यांच्या पाकिटावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की शेवटचं दव गोठून गेलं की मगच पेरा. अमेरिकेत ही तारीख गावागणिक छापलेली मिळते. तीस वर्षांच्या नोंदींवरून ती काढतात, आणि खरं तर ती तारीख नसतेच, शक्यता असते: अमुक दिवसानंतर दव गोठण्याची शक्यता निम्मी, तमुक दिवसानंतर दहा टक्के. नाशिकला असं कोष्टक कुणी देत नाही, कारण शहरात बहुतेक वर्षी दव गोठतच नाही. पण निफाड-दिंडोरीकडे एखाद्या वर्षी पहाटे पानांवर पांढरा थर दिसतो, आणि थर दिसला नाही तरी पाच-सात अंशांत टोमॅटोची फुलं गळायची ती गळतातच. तेव्हा आपल्या बागेची तारीख आपणच काढायची आणि तिथून मागे मोजत यायचं.

त्यासाठी पहिली खरेदी बियाण्यांची नको, किमान-कमाल तापमान दाखवणाऱ्या थर्मामीटरची करा. सप्टेंबरातच घ्या. तो भिंतीवर टांगू नका. भिंत दिवसभराचं ऊन धरून ठेवते आणि आकडा चढा दाखवते. झाडांच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. पेपरात ‘नाशिक 9, निफाड 6’ असं येतं, त्यातला निफाडचा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. हवामानाचे असे आकडे झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर मोजतात. निरभ्र आकाशाखाली उघडं पडलेलं पान त्याहून दोन-चार अंशांनी थंड असू शकतं. म्हणून पेपरात 4 छापून येतं आणि त्याच पहाटे गवतावर बर्फाचे कण असतात, यात काही विसंगती नाही.

आपल्या जागेतला खोलगट कोपराही शोधून ठेवा. थंड हवा जड असते, ती उताराने वाहत जाऊन तळाशी साचते. महाबळेश्वरला दव गोठल्याची बातमी येते ती बहुधा वेण्णा तलावाच्या काठची, बाजारपेठेतली नव्हे. आणि डोंगरावरच्या महाबळेश्वरपेक्षा सपाटीवरचं निफाड गार, ही बातमीही त्याच कारणाने दर एक-दोन वर्षांनी येते. मखमलाबादकडे मळ्याला लागून घर असेल, नदीकाठी प्लॉट असेल, तर इंदिरानगरातल्या मैत्रिणीच्या गच्चीवरचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

कडाक्याचा काळ नाशिकला ढोबळमानाने डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंतचा. एखादा तडाखा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातही बसतो. 15 डिसेंबर ही रेघ धरा आणि मागे मोजा. टोमॅटोचं रोप तयार व्हायला चार आठवडे, लावल्यापासून पहिला तोडा मिळायला साठ-सत्तर दिवस. म्हणजे ऑगस्टअखेर बी टाकलं, सप्टेंबरअखेर रोपं लावली, तर थंडी पडेपर्यंत फळं धरलेली असतात. मिरचीचं रोपच दीड महिना घेतं, तिला आणखी आधी टाका. गणपती झाले, नवरात्र झालं, मग बघू असं म्हटलं की झाडं ऐन कडाक्यात फुलावर येतात आणि उभी राहतात नुसती.

मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, कोबी, फ्लॉवर, लसूण यांच्यासाठी एवढा हिशेब नको. ऑक्टोबरची उष्णता ओसरली की टाका. थंडी त्यांना मानवते. वाटाण्याचं मात्र लक्षात असू द्या: वेल थंडी सोसतो, फूल आणि कोवळी शेंग दव गोठलं तर सोसत नाही.

नोव्हेंबर लागला की युरिया आणि तत्सम नत्राचा हात आखडता घ्या. जोमाने फुटलेली लुसलुशीत पालवी आधी करपते. पांघरुणांचं सामानही याच महिन्यात जमवा: जुन्या चादरी, गोणपाट किंवा क्रॉप कव्हर, आणि ते तोलून धरायला बांबूच्या काड्या. कापड झाडाला न टेकता जमिनीपर्यंत यायला हवं, कारण ऊब जमिनीतून येते, झाडातून नाही. प्लास्टिक पानाला चिकटलं तर तिथेच पान जळतं. सकाळी ऊन आलं की पांघरूण काढायचंच. कुंड्या चहूबाजूंनी गार होतात, त्या भिंतीलगत एकत्र सरकवा. केळी, पपई, तुळस आधी.

रोज रात्री झाकाझाक करायची गरज नाही. आभाळ ढगाळ असेल तर निवांत झोपा. उत्तरेचं वारं दोन दिवस वाहून संध्याकाळी एकदम पडलं, आकाश स्वच्छ आहे, चांदणं टिपूर पडलंय, ती रात्र धोक्याची. अशा दिवशी दुपारच्या आत वाफ्यांना पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब साठवते आणि रात्री सोडते. पाचटाचा जाड थर असेल तर तो तेवढ्यापुरता बाजूला सारा, नाहीतर जमिनीची ऊब त्याखालीच अडकते. संध्याकाळी पानं भिजवू नका. द्राक्षबागायतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. एकरभर बागेला ते परवडतं, कॉलनीत धूर केला तर शेजारीच तुमचा कडाका काढतील.

पान काळवंडलंच तर लगेच कात्री चालवू नका. थंडी पुरती जाईपर्यंत वाळका भाग खालच्या फुटीला आडोसा देतो. कुठपर्यंत जिवंत आहे ते नवी पालवी फुटल्यावरच कळतं.

दुसरं टोक भेंडीचं आणि वेलभाज्यांचं. भेंडी, काकडी, दोडका, दुधी यांचं बी गार मातीत कुजतं. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते असं आपण म्हणतो, पण शिवरात्र कधी फेब्रुवारीच्या मध्यावर येते, कधी मार्चमध्ये. तितकं थांबलात तर वेल मांडवावर चढेपर्यंत एप्रिलचं ऊन गाठतं. संक्रांतीनंतर पिशव्यांत किंवा कागदी कपांत बी टाका, रात्री त्या घरात घ्या, आणि थर्मामीटरवर सलग आठवडाभर बारा-तेराच्या खाली आकडा आला नाही की रोपं बाहेर लावा. त्या दिवशीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि कॅलेंडर रद्दीत घालू नका. मोसमातला सगळ्यात गार आकडा आणि दहाच्या खाली गेलेली पहिली व शेवटची रात्र, एवढं शेजारी लिहिलं की पुरे. पाच-सहा वर्षांच्या अशा नोंदी जमल्या की 15 डिसेंबरची रेघ खोडून तुमच्या जागेची रेघ तिथे मारा.