बाळंतिणीची काळजी घेताना या चुका टाळा

बाळंतिणीच्या खोलीत आलेला माणूस आधी पाळण्यात डोकावतो, बाळाचे नाक कोणावर गेले याचा निवाडा करतो आणि निघताना दारात थांबून बाळंतिणीला एवढेच विचारतो, "दूध पुरते ना?" तिला स्वतःला कसे वाटते हे विचारणारा माणूस क्वचितच भेटतो. आमच्याकडे तर तो भेटलाच नाही, आणि त्यात मीही आले.

माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण गोव्यात डिचोलीला आमच्या घरी श्रावणात झाले. पावसात लंगोट वाळत नव्हते म्हणून चुलीवर आडवी दोरी बांधली होती. मालीश करणारी बाई दहाच्या सुमारास येई, न्हाणीतले भाण सकाळपासून तापत असे आणि आईने डिंकाचे लाडू महिनाभर आधीच वळून ठेवले होते. कशात काही उणे नव्हते. विसाव्या रात्री तीनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले, तेव्हा ती अंधारात भिंतीला टेकून बसलेली दिसली आणि बाळ शेजारी गाढ झोपलेले होते. "निजली का नाहीस?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "येत नाही गो झोप. तो निजला तरी येत नाही." मी तिला रामरक्षा म्हणायला सांगितले आणि परत जाऊन झोपले. बाळ झोपलेले असताना, अंग थकलेले असताना आणि उठवायला कोणी नसतानाही बाळंतिणीला झोप न येणे हे नैराश्याचे महत्त्वाचे लक्षण असू शकते, हे आम्हाला कळायला पुढे पाच आठवडे लागले.

दिवस मोजायला विसरणे

प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके झपाट्याने खाली येतात, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास बहुतेक स्त्रियांना कारण नसताना रडू येते, क्षुल्लक गोष्टीवरून चिडचिड होते. हे रडू साधारण दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते, आणि तोवर तिला विश्रांती देणे व तिच्याजवळ बसणे पुरेसे असते. घरात चूक होते ती पुढच्या दिवसांत. तीन आठवडे झाले, महिना झाला, तरी "बाळंतपणात असे व्हायचेच", "अंगात वात शिरला असेल" असे म्हणत आपण तेच कारण पुढे ओढत राहतो. उदासी, कशातच मन न लागणे, भूक मरणे, आपण आई व्हायला नालायक आहोत असे सतत वाटणे, बाळाविषयी काहीच न वाटणे किंवा त्याची इतकी धास्ती वाटणे की दर पाच मिनिटांनी त्याचा श्वास तपासावा, यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले तर ते डॉक्टरांना सांगण्याइतके पुरेसे कारण आहे. हे दुखणे पहिल्या दीड महिन्यातच येते असेही नाही. बाळ वर्षाचे होईपर्यंत ते कधीही डोके वर काढू शकते.

हा त्रास परमुलखातला आहे असे समजणाऱ्यांसाठी गोव्यातलीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. येथील एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्या स्त्रियांपैकी ७८ टक्के जणी गरोदरपणातच मानसिक त्रासात होत्या, आणि अर्ध्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. म्हणजे दिवस मोजायला सुरुवात करायची ती डोहाळजेवणाच्याही आधीपासून. आर्थिक ओढाताण, नवऱ्याशी न पटणे आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे यांचा या आजाराशी असलेला संबंधही त्या अभ्यासात दिसून आला. "पहिली बेटी, धनाची पेटी" असे म्हणताना सांत्वनाचा सूर लावणाऱ्या पाहुण्यांनी याचा विचार करावा.

"दूध पुरत नाही" हे वाक्य

बाळ रडले की दूध पुरत नाही असा निर्णय खोलीतल्या सर्वांत वयस्क बाईने द्यायचा आणि बाळंतिणीने मान खाली घालायची, ही रीत अनेक घरांत आहे. हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकणाऱ्या मुलीच्या मनात आपण अपुऱ्या आहोत ही भावना किती लवकर रुजते, हे मी जवळून पाहिले आहे. दूध पुरते की नाही हे ओळखण्याची साधी खूण आहे. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओले करत असेल आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मावेळच्या वजनावर परत येऊन पुढे वाढत असेल, तर दूध पुरते आहे. तसे नसेल तर आरोग्य केंद्रात वजन करून, बाळाला छातीशी नीट धरले जाते की नाही हे परिचारिकेला दाखवावे, कारण पुष्कळदा अडचण तिथेच असते. बाळ झोपेतून दचकून रडते, गॅसमुळे रडते, मे महिन्यात चार कपड्यांत गुंडाळल्यामुळेही रडते.

याच धांदलीत मधाचे बोट चाटवले जाते. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, कारण त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजांमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय घुटी नको आणि पाणीही नको. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे वा थेंब तेवढे द्यावेत.

रात्र एकटीवर सोडणे

दिवसा घरात दहा माणसे आणि रात्री बाळंतीण एकटी, हा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो. लागोपाठच्या जागरणांनी नैराश्य बळावते, आणि ज्यांना पूर्वी बायपोलर आजार (मन कधी अतिउत्साही तर कधी अतिउदास होण्याचा) झाला आहे त्यांच्यात तर जागरण हे मोठे संकट ओढवू शकते. "बाळ झोपले की तूही झोप" हा सल्ला ऐकायला बरा असतो, परंतु नेमक्या त्याच वेळी पाहुणे येतात, लंगोट धुवायचे असतात, न्हाणे असते.

याऐवजी रात्रीची पाळी ठरवावी. उदाहरणार्थ, नऊचे दूध पाजून झाले की बाळंतिणीने दुसऱ्या खोलीत जाऊन झोपावे आणि दोन वाजेपर्यंत बाळ वडिलांकडे, आजीकडे किंवा मावशीकडे असावे. मधल्या वेळेसाठी स्वच्छ धुतलेल्या हातांनी काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते. आपल्याकडे उन्हाळ्यात खोली त्याहून तापत असल्याने ते सरळ फ्रिजमध्ये ठेवून वाटी-चमच्याने पाजावे. दूध काढणे जमत नसेल तर बाळ तिच्याकडे फक्त पाजण्यापुरते आणावे, आणि ढेकर काढणे, लंगोट बदलणे, थोपटणे हे सारे दुसऱ्याने करावे. सलग चार-पाच तासांच्या झोपेने होणारा फरक काही रात्रींतच दिसू लागतो. तशी संधी मिळूनही तिला झोप येत नसेल, तर तिला विश्रांतीहून अधिक कशाची तरी गरज आहे हे त्यातून कळते.

वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यात पाळीने काम करणारे वडील रोज हे करू शकणार नाहीत, हे मान्य आहे. सुटीच्या दोन रात्री मात्र त्यांच्याच असाव्यात. वडिलांनाही या काळात नैराश्य येऊ शकते, पण ते रडण्यापेक्षा चिडण्यातून, उशिरा घरी येण्यातून किंवा वाढलेल्या पिण्यातून दिसते, आणि घर त्याला "जबाबदारी नको झाली" असे नाव देऊन मोकळे होते.

पथ्याविषयी थोडक्यात सांगायचे तर पाणी तोडू नये. काही घरांत सव्वा महिना मासळी बंद असते. तारले, बांगडे यांसारखी मासळी खाणाऱ्या घरातील बाळंतिणीला शिजवून देण्यास आरोग्याच्या दृष्टीने काही हरकत नाही. शेगडीची धुरी बंद खोलीत देणे मात्र आई व बाळ या दोघांच्याही फुप्फुसांना अपायकारक आहे. लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायच्या असतात आणि त्या बहुतेक घरांत चाळिसाव्या दिवसाच्या आत कपाटात जातात. रक्तक्षय आणि थायरॉइडचे बिघाड हुबेहूब नैराश्यासारखे दिसू शकतात, म्हणून मनाच्या तक्रारीसाठी गेल्यावरही हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

माहेरच्या तीन महिन्यांनंतर

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी असते, आणि बाळ तीन महिन्यांचे झाले की ओटी भरून तिची पाठवणी होते. त्या दिवशी तिच्या भोवतीचे आई, बहीण, मालीशवाली असे सारे जग एकदम सुटते, आणि सासरी ती बाळंतीण राहिलेली नसून पुन्हा सून झालेली असते. नोकरी करणाऱ्या मुलींच्या बाबतीत पहिल्या दोन अपत्यांसाठी मिळणारी २६ आठवड्यांची रजाही पुढे लवकरच संपत आलेली असते. या टप्प्यावर मन ढासळले तर माहेरच्यांना वाटते की सासरी जाच आहे, सासरच्यांना वाटते की माहेरी लाडावली, आणि आजार दोन्ही घरांच्या मधल्या रस्त्यावर राहतो. पाठवणीच्या आधी दोन्ही आयांनी एकत्र बसून रात्रीची पाळी, न्हाणे आणि दवाखान्याच्या तारखा यांची बोलणी करावी, एवढा साधा उपाय मी अजून फार थोड्या घरांत पाहिला आहे.

"बाहेरचे काही" समजून वेळ घालवणे

या लेखात घाई करण्यासारखी गोष्ट कोणती असेल तर ती ही. दर हजार प्रसूतींमागे एक-दोन स्त्रियांना तीव्र मनोविकार होतो आणि तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच उफाळतो. दोन-तीन रात्री झोप नसूनही ती थकलेली दिसत नाही, असंबद्ध बोलते, घरच्यांचा संशय घेते, हे बाळ आपले नव्हे किंवा ते देवाचा अवतार आहे असे म्हणते, नसलेले आवाज ऐकते, घटकेत हसते आणि घटकेत भेदरते. सकाळी बरी वाटली म्हणून फसू नये, कारण या आजारात तासातासाला फरक पडतो. देवळात कौल घ्यायचा असेल, दृष्ट काढायची असेल तर ज्याची त्याची श्रद्धा. परंतु ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे आणि तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. तोवर तिला आणि बाळाला दोघांनाच एका खोलीत ठेवू नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलावण्यासारखीच ही परिस्थिती आहे.

याच्याशी एका वेगळ्या त्रासाची गल्लत होते. काही मातांच्या मनात, बाळ हातून पडेल, आपल्याच हातून त्याला इजा होईल, असे नको असलेले विचार वारंवार येतात, त्या विचारांनी त्या हादरतात आणि सुरीसुद्धा हातात घ्यायला भितात. असे सांगणाऱ्या स्त्रीला राक्षसीण ठरवू नये. विचाराची भीती वाटणे ही तिची जाणीव शाबूत असल्याची खूण असते आणि या त्रासावर चांगले उपचार आहेत. मात्र निदान घरी न करता डॉक्टरांवर सोडावे.

विचारण्याची भीती

जीव द्यावासा वाटतो का, असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात जाईल, ही समजूत सुशिक्षित घरांतही पक्की आहे आणि ती चुकीची आहे. सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट कोणाला तरी सांगता आले याने माणूस सुटकेचा श्वास टाकतो. जगभर वापरली जाणारी, १९८७ साली तयार झालेली एडिनबरा प्रश्नावली अवघ्या दहा प्रश्नांची आहे, आणि तिचा शेवटचा प्रश्न नेमका स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलच आहे. घरी प्रश्नावलीची गरज नाही. बाळ दुसऱ्याकडे द्यावे, दार लोटून घ्यावे आणि शांतपणे विचारावे, "तुला आतून कसे वाटते? जगू नये असे कधी वाटते का?" उत्तर येईपर्यंत गप्प बसावे, आणि "अग, सोन्यासारखे बाळ आहे, तुला काय कमी आहे?" हे वाक्य मुळीच उच्चारू नये. उत्तर "हो" असे आले तर तिला एकटी सोडू नये, घरातील औषधे आणि कीटकनाशके हलवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

गोळ्यांविषयी आमच्या घरात झालेली चूक अशी की दहा दिवसांत फरक दिसेना म्हणून आईने त्या बंद करायला लावल्या. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही डॉक्टरांना न विचारता त्या एकदम थांबवायच्या नसतात. अंगावर पाजणाऱ्या मातेसाठी सर्ट्रालीनसारखे औषध अनेकदा निवडले जाते, कारण ते दुधात फारच थोड्या प्रमाणात उतरते. सौम्य त्रासात केवळ समुपदेशनही पुरू शकते, आणि ते दर वेळी मोठ्या डॉक्टरनेच करावे लागते असे नाही. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या 'संगथ' संस्थेने गावातल्याच सामान्य मातांना प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांच्या घरी पाठवले आणि हे घरोघरचे बोलणे बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत चालू ठेवले. २८० स्त्रियांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले आहेत.

सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रापासून करता येते. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाबरोबरच (गोमेकॉ) मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिचे नाव घेताना आवाज खाली आणण्याचे काही कारण नाही. रात्री-अपरात्री फोनवर बोलायचे असेल तर १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा विनाशुल्क क्रमांक आहे. दाखल करावे लागले तर बाळ तुटेल अशी धास्ती आमच्या आईला होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या मातेचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून वेगळे करता येत नाही. जाताना प्रसूतीची फाईल, चालू औषधे आणि मागच्या आठवड्यात ती रोज किती तास झोपली याचा कागद बरोबर न्यावा. आमच्या कागदावर सात ओळी होत्या आणि त्यांतील सर्वांत मोठा आकडा तीन होता. डॉक्टरांनी तो वाचला, बाळाची चौकशी न करता प्रथम तिच्याकडे वळून तिचे नाव विचारले, आणि ती बोलू लागली.