बंद पडलेली एमजीबी पुन्हा रस्त्यावर आणताना: तयारीची यादी

जुनी ब्रिटिश गाडी बरीच वर्षं झाकून ठेवलेली असली की मालकाचा हात आधी चावीकडे जातो. बॅटरी जोडायची, सेल्फ मारायचा आणि निळा धूर निघाला की खूश व्हायचं. या यादीत ते काम बरंच खाली आहे. इंजिन हा या गाड्यांचा सर्वात कणखर आणि सर्वात सोपा भाग. गाडी रस्त्यावर येणार की नाही ते ठरतं सिलमधल्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या तुळईतल्या, गंजावर, ब्रेकच्या रबरांवर आणि टाकीच्या तळाशी साठलेल्या गाळावर. उदाहरणाला एमजी कंपनीची एमजीबी ही स्पोर्ट्स कार घेतली आहे. १९६२ ते १९८० या काळात ती इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनत होती आणि तिचे जवळपास सगळे सुटे भाग आजही नवे मिळतात. कामाचा क्रम मात्र ट्रायम्फ असो की मॉरिस मायनर, तोच.

आधी हत्यारं बघा. या गाडीवर मिलिमीटरचे पाने चालत नाहीत, इंची एएफ मापाचा (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर) सेट लागतो. ७/१६, १/२ आणि ९/१६ एवढे तीन पाने सतत हातात राहतील. १३ मिमीचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो, पण तो थोडा सैल असतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे मारून टाकतो. गाडी आणखी जुनी, एमजी टीडीच्या काळातली असेल तर मामला निराळा. तिच्या एक्सपीएजी इंजिनाच्या बोल्टांना आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, त्यामुळे डोक्याच्या मापावरून बोल्ट मागवू नका. टॉर्क रेंच, फीलर गेज, मल्टिमीटर, चार दणकट स्टँड आणि आपल्या इंजिन क्रमांकाला लागू असलेलं वर्कशॉप मॅन्युअल एवढं हाताशी असू द्या. उघडलेला प्रत्येक नट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि खोलण्याआधी फोटो. कंटाळवाणं आहे, पण तीन महिन्यांनी जोडणी करताना तेच कामाला येतं.

आता पत्रा. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यातही उघड्या टपाच्या गाडीत दाराखालचे दोन सिल हाच कणा. सिल तीन थरांचा असतो: बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि आतली बाजू, खाली त्यांना जोडणारी कॅसल रेल. बाहेरचा पत्रा नवा आणि चकचकीत दिसला म्हणून समाधान मानू नका. कुजलेल्या जुन्या सिलवर नुसतं वरून झाकण वेल्ड केलेल्या गाड्या भरपूर आहेत. परीक्षा सोपी आहे. दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. मग मागच्या चाकाच्या पुढे, सिलच्या जवळ जॅक लावून गाडी हळूहळू उचला आणि फट पुन्हा मोजा. वरची फट मिटत गेली, दार घासायला लागलं की सिल आतून गेलेला आहे असं धरून चाला. फ्रंट विंगची मागची खालची बाजू, पायाखालचे फ्लोअर, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर आणि सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या इथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. पेटीत अ‍ॅसिड सांडलेलं असतं आणि तिचा तळ बहुतेक वेळा गायब.

सिल कापायचाच असेल तर आधी दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत, घट्ट आडवा पाइप वेल्ड करा किंवा बोल्टने बसवा. एका वेळी एकच बाजू कापा. गाडी चाकांवर किंवा सस्पेन्शनखाली आधार देऊन सपाट ठेवा, बॉडीच्या मध्यावर टेकवू नका. ही काळजी न घेता दोन्ही सिल काढले की बॉडी मधोमध खचते. मग नवे सिल बसतात सुरेख, पण दार कधीच लागत नाही. जोडाच्या आतल्या बाजूला वेल्डिंग चालणारा झिंक प्रायमर मारा. पोकळीत मेण भरायचं ते रंग झाल्यावरच, आधी भरलं तर वेल्डिंगच्या वेळी ते पेट घेतं.

ब्रेकमध्ये काटकसर करू नका. पेडल टणक लागतं, म्हणजे ब्रेक ठीक, हे खरं नव्हे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी सिलिंडरच्या भिंतीला गंजवतं. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेलं रबरी सील त्या गंजाच्या कडेवरून पहिल्यांदा सरकलं की फाटतं, आणि हे घडतं नेमकं जोरात ब्रेक दाबल्यावर. म्हणून मास्टर सिलिंडर, मागच्या ड्रममधले दोन्ही व्हील सिलिंडर, पुढच्या कॅलिपरची सीलं आणि सगळे रबरी होज बदलायचे, दिसायला चांगले असले तरी. जुना होज आतून फुगतो. पेडल दाबलं की ऑइल जातं पण परत येत नाही, मग चाक धरून राहतं आणि दोष कॅलिपरवर जातो. धातूचे पाइप ३/१६ इंचाचे कॉपर-निकेलचे घाला. ते गंजत नाहीत आणि हाताने वाकतात. हँडब्रेकची केबल आणि बॅलन्स लिव्हर बहुधा आखडलेले असतात, ते सोडवून ग्रीस करा. भरायला डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल घ्या, त्यात सिलिकॉनचं डॉट ५ मिसळू नका. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. क्लचही ऑइलवरच चालतो. त्याचा मास्टर आणि खालचा स्लेव्ह सिलिंडर याच फेरीत उरकून घ्या.

पेट्रोलची टाकी रिकामी करा आणि जुनं पेट्रोल गाडीत परत वापरू नका. टाकी खाली उतरवून आत टॉर्च मारा. तपकिरी पापुद्रे दिसले तर नवी टाकी घेणं परवडतं, कारण धुतलेल्या टाकीतून महिनोन्‌महिने बारीक गंज येत राहतो. रबरी नळ्या सगळ्या बदला आणि नव्यांवर एसएई जे३० आर९ असा शिक्का पाहून घ्या. ब्रिटनमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनी रबरं आणि कॉर्कचे वायसर खाऊन टाकतं. जास्त ऑक्टेनचं ई५ (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) पेट्रोल या गाड्यांना बरं.

एसयू कंपनीचा पेट्रोलचा विजेचा पंप गाडीच्या मागच्या भागात असतो आणि तो आवाजावरून बोलतो. इग्निशन दिलं की टक-टक-टक जोरात सुरू होते, कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाट्या भरत आल्या की मंदावते आणि थांबते. थांबलीच नाही तर एक तर कुठे हवा ओढली जाते आहे, नाही तर फ्लोटची सुई बसत नाहीये आणि पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली टपकतंय. नाकाला आधी कळेल. मुळीच आवाज नसेल तर पंपाचे पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) चिकटलेले असतात. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी मारली की पंप जागा होतो, पण हा तात्पुरता उपाय आहे. पॉइंट घासून किंवा बदलूनच बाहेर पडा.

जोडीतले एसयूचेच एचएस ४ कार्बोरेटर उघडून साफ करा. थ्रॉटलचा स्पिंडल वर-खाली हलत असेल तर तिथून हवा शिरते आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही, मग कितीही ट्यूनिंग करा. जेटचा नट पूर्ण वर चढवून मग दोन फेरे, म्हणजे नटाच्या बारा बाजू (फ्लॅट), खाली उतरवा. सुरुवातीला गाडी यावर चालते, बारीक जुळणी इंजिन गरम झाल्यावर. डॅशपॉटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या वरच्या उभ्या नळीत, थोडं ऑइल घाला.

पाण्याचं काम थोडक्यात. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन प्लग उघडून तारेने टोचा, कारण गाळ तिथेच घट्ट बसतो. होज, थर्मोस्टॅट आणि फॅन बेल्ट नवे. कूलंट निळा, एथिलीन ग्लायकॉलचा, निम्मं पाणी निम्मं कूलंट. रेडिएटरची टोपी गाडीच्या वर्षानुसार घ्या, जास्त दाबाची घातली तर जुना हीटर आधी गळतो.

आता इंजिन, १७९८ सीसीचं. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर हलकं ऑइल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या. मग क्रँकच्या पुढच्या नटावर सॉकेट लावून हातानेच फिरवा. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल आणि आणखी वेळ. फिरलं की जुनं ऑइल काढून २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल भरा, फिल्टरसकट साधारण सव्वाचार लिटर लागतं. ऑइलमध्ये झिंक भरपूर हवं, कारण कॅमवर घासणारे टॅपेट त्याच्याशिवाय झिजतात. नव्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक इथे नको. सुरुवातीच्या गाड्यांचा फिल्टर डब्यात बसणारा असतो. डब्याची रबरी रिंग खाचेत चिकटून राहते आणि तिच्यावरच नवी रिंग बसवली जाते. मग इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत सगळं ऑइल जमिनीवर. खाच टॉर्चने बघा.

टॅपेटचं अंतर थंड इंजिनवर ०.०१५ इंच. नऊचा हिशेब लक्षात ठेवा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला सेट करायचा, सातवा उघडा असताना दुसरा, बेरीज नेहमी नऊ. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५ इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आणि रोटर फिरतो घड्याळाच्या उलट दिशेने. नवा रोटर आणि कंडेन्सर विश्वासू दुकानातूनच घ्या. हलक्या मालातले दोन्ही गरम झाल्यावर दगा देतात, आणि लोक कार्बोरेटर उघडत बसतात. आता प्लग न लावता, कॉइलची वायर काढून, सेल्फने इंजिन फिरवा. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत ठिणगी द्यायची नाही. इंजिन चालू झाल्यावर, गरम असताना धावत्या वेगाला ५० पीएसआयच्या वर प्रेशर हवं.

मूळ सिलिंडर हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट शिसं असलेल्या पेट्रोलसाठी होत्या. हेड उतरवायचं असेलच तर कडक सीट बसवून घ्या, नाही तर पेट्रोलमध्ये सीट सांभाळणारं अ‍ॅडिटिव्ह टाका. इंजिन बाहेर आलं की क्लच प्लेट आणि कार्बनचं रिलीज बेअरिंग बदलूनच परत घाला, त्यासाठी इंजिन पुन्हा उतरवायची वेळ आणू नका. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हमध्येही इंजिनचंच ऑइल, मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ईपी ९० गिअर ऑइल. उलट केलं तर ओव्हरड्राइव्ह घसरतो.

वायरिंगला हात लावण्याआधी गाडी कोणत्या अर्थची, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलेलं आहे, ते बघा. १९६७ पर्यंतच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ आणि डायनॅमो, नंतर निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटर. मधल्या मालकाने बदललेलंही असू शकतं, तेव्हा बॅटरीच्या तारेवरूनच ठरवा. लुकास या विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीचे वायरींचे रंग लक्षात ठेवले की निम्मं काम सोपं होतं. तपकिरी म्हणजे कायम चालू, पांढरा इग्निशनवरचा, हिरवा इग्निशननंतर फ्यूजमधून, जांभळा कायम चालू पण फ्यूजमधून, काळा अर्थ. तपकिरी आणि पांढऱ्याला फ्यूज नसतो, सोललेली वायर तिथे सापडली तर आधी ती. जुन्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ अँपियर हा आकडा तो उडण्याचा, कायम चालवण्याचा त्याच्या निम्मा. आजच्या मापाचा ३५ घातला तर फ्यूजऐवजी वायर जळते. दिव्यांचे बहुतेक दुखणे अर्थच्या गंजलेल्या जोडात असतात, तिथला रंग खरवडा.

पुढच्या किंगपिनला (पुढचं चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळतं ती) प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत. चाकं अधांतरी ठेवून ग्रीस मारा, भार असताना ते खालच्या पृष्ठभागात शिरत नाही. लिव्हरवाले आर्मस्ट्राँग शॉकअप गळत असतील तर दुरुस्त केलेले घ्या. पुढच्या हबच्या दोन बेअरिंगमध्ये एक नळीसारखा स्पेसर आणि शिम असतात. ते फेकून देऊन हाताने नट आवळण्याची पद्धत काही जणांत आहे, ती धोक्याची, कारण स्पेसरशिवाय स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) वाकत राहतो आणि तुटू शकतो. तारांची चाकं असतील तर हबचे दात करवतीसारखे टोकदार झालेत का ते बघा. मधला नट गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने सुटतो. डाव्या-उजव्या हबची अदलाबदल झाली तर तो चालता चालता मोकळा होईल. टायरवरचा चार अंकी आकडा वाचा: २३१२ म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांच्या वरचे टायर नक्षी शाबूत असली तरी काढून टाका.

कागदपत्रं ब्रिटनमधल्या गाडीची. व्ही५सी, म्हणजे नोंदणीचं कागदपत्र, तुमच्या नावावर करून घ्या. ४० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मोठा बदल न केलेल्या गाडीला एमओटी (वार्षिक तपासणी) लागत नाही, कर शून्य असतो, पण टॅक्स दरवर्षी काढावाच लागतो आणि एमओटीच्या सवलतीसाठी व्ही११२ या फॉर्मवरची घोषणा करावी लागते. सूट असली तरी पहिल्या वर्षी एमओटी स्वतःहून करून घ्यावी, तिऱ्हाइताच्या नजरेला ब्रेकच्या नळीची गळती दिसते. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, कामाचे फोटो त्यासाठी उपयोगी पडतात.

पहिली फेरी कमी वेगाची आणि घराजवळची. सोबत अग्निशामक, पाणी, फ्यूज, फॅन बेल्ट, रोटर, पॉइंट आणि पाने. आठ-दहा किलोमीटर झाले की थांबून चारही हबला हात लावा. एकच गरम लागला तर तिथला ब्रेक धरतोय. मग खाली वाकून बघा, ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल, कुठे काय ओलं आहे. नवं हेड गॅस्केट असेल तर ८०० किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, नट ठरलेल्या क्रमाने ४५ ते ५० फूट-पाउंडावर पुन्हा आवळा. त्यानंतर टॅपेट परत तपासा, कारण हेड आवळलं की त्यांचं अंतर बदलतं. ऑइल आणि फिल्टरही त्याच वेळी बदलून टाका.