पंधरा वर्षांचं भूत खेळात आणताना या चुका टाळा

रोलप्लेइंगच्या, म्हणजे एकेक पात्र होऊन कथा खेळण्याच्या, टेबलावर पाच जण बसलेत, हातात तीन तास आहेत. प्रत्येकाने आपल्या पात्राची ओळख करून द्यायला दहा मिनिटं घेतली तर पन्नास मिनिटं तिथेच गेली आणि फासे अजून डब्यातच. पात्र किशोरवयीन भूत किंवा राक्षस असेल तर ओळख हमखास लांबते. भूत म्हटलं की शाप, वंश, शक्ती आल्या. पोर म्हटलं की घर, शाळा, चिडचिड आली. सगळंच सांगायचा मोह होतो आणि ऐकणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही.

घामाने निसरड्या झालेल्या गड्यावर पकड बसत नाही, म्हणून कुस्तीच्या हौदात मल्ल एकमेकांच्या अंगावर माती टाकतात. ओळखीचं कामही त्या मातीचंच. इतरांची तुमच्या पात्रावर पकड बसली पाहिजे. खालच्या बहुतेक चुकांमध्ये नेमकी तीच निसटते.

उदाहरणाला एकच पात्र शेवटपर्यंत घेऊ. ओंकार, वय पंधरा, कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या बाजूला राहणारा, दहावीत शिकणारा गिऱ्हा. गिऱ्हा म्हणजे पाण्याकाठचं भूत. त्याचा केस ज्याच्या हाती लागतो त्याची चाकरी त्याला करावी लागते, अशी जुनी समजूत आहे.

"तीनशे वर्षांपूर्वी एका शापित घराण्यात..."

ही सर्वात जास्त दिसणारी चूक. तीन पानी जन्मकथा लिहिणाऱ्याला फार प्रिय असते, पण त्यातलं सगळं घडून गेलेलं असतं. बाकीच्या चौघांना त्यात शिरायला जागाच नसते.

ओळख १२० ते १५० शब्दांत बसवा. मोठ्याने वाचायला साधारण एक मिनिट लागतं. त्यात दोन-तीन वाक्यं डोळ्यांना काय दिसतं याची, एक वाक्य या आठवड्यात त्याला काय हवंय याचं, एक लपवाछपवीचं आणि उरलेले शब्द इतर पात्रांशी असलेल्या धाग्यांचे. जन्मकथा लिहिलीच असेल तर ती जीएमला (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) वेगळी द्या.

ओंकारच्या ओळखीची सुरुवात अशी करता येईल: "ओंकार बाकावरून उठला की बाकावर ओल राहते. वहीची पानं फुगलेली, शाई पसरलेली, म्हणून तो सगळं पेन्सिलने लिहितो. दप्तरात कायम दोन टॉवेल. सराव परीक्षा तोंडावर आली आहे आणि उत्तरपत्रिका पेननेच लिहावी लागते."

शाप नाही, वंशावळ नाही. तरी ऐकणाऱ्या चौघांना लगेच काहीतरी सुचतं. कुणी टॉवेलबद्दल विचारेल, कुणी न पसरणारा पेन शोधायला निघेल, कुणी ओल्या बाकावरून चिडवेल. खेळ सुरू झाला.

वय कागदावरच राहतं

"दिसतो सोळाचा, पण खरं वय चारशे." हे टाळा. चारशे वर्षांच्या माणसाला पूर्वपरीक्षेची धास्ती वाटत नाही, आईच्या फोनची तर नाहीच. मग किशोरवयीन पात्र घेतलं कशाला? ओंकार पंधराचा म्हणजे पंधराचाच.

वय खेळात उतरतं ते अडचणींतून. शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, चार ओळी लिहा: खिशात किती पैसे असतात, घरी किती वाजता पोचावं लागतं, मोबाइल कोण तपासतं, ये-जा कशाने होते. समजा कथेत रात्री पन्हाळ्यावर जायची वेळ आली. कोल्हापुरातून सुमारे २० किलोमीटर, शेवटी चढ. गिअरच्या गाडीचं लायसन्स अठराशिवाय मिळत नाही. मग सायकल? कुणाच्या दादाला पटवायचं? घरी काय सांगायचं? मोठ्यांच्या खेळात "आपण पन्हाळ्याला पोचलो" असं एका वाक्यात उरकतं. इथे तोच अख्खा सेशन होऊ शकतो. जीएमने हा प्रवास उडवून लावू नये.

वयाबरोबर एक नियम पक्का करा. पात्रं अठराच्या आतली असतील तर कामुक प्रसंग टेबलावर येणार नाहीत, खेळणारे कितीही मोठे असोत. कुणी आवडणं, चिठ्ठी देणं, लाजणं एवढं पुरेसं आहे. हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोला.

शक्ती भरपूर, किंमत शून्य

उडतो, अदृश्य होतो, मन वाचतो, जखम लगेच भरते. अशा पात्रापुढे जीएमने ठेवलेली कुठलीही अडचण दोन मिनिटांत संपते आणि बाकीचे नुसते बघत बसतात. एक शक्ती, तिची एक किंमत आणि ती चालत नाही अशी एक जागा, एवढंच घ्या. ओंकारला साचलेल्या पाण्यातून दूरचं ऐकू येतं: बादली, टाकी, रंकाळा. किंमत अशी की त्यानंतर तासभर त्याच्या अंगातून पाणी टपकत राहतं. वाहत्या पाण्यात मात्र काहीच ऐकू येत नाही, म्हणून पंचगंगेच्या घाटावर तो इतरांसारखाच.

आता आकडे. डी२० (वीस बाजूंचा फासा) वापरत असाल तर पहिल्या पातळीवर पात्राचा गुण १५ (म्हणजे +२) आणि प्रावीण्याचे +२ मिळून +४ होतात, ते फाशावरच्या आकड्यात मिळवायचे. अवघडपणा १५ असेल, म्हणजे बेरीज १५ गाठायची असेल, तर फाशावर ११ किंवा जास्त लागतं, म्हणजे बरोबर ५० टक्के. धडधड राहते. हौसेने +९ दिलं तर तेच काम ७५ टक्के वेळा होतं आणि १० चा अवघडपणा तर फाशावर १ पडला तरी पार होतो. मग फासा टाकायचाच कशाला?

सहा बाजूंचे दोन फासे टाकून बेरीज करायच्या काही खेळांत ७ ते ९ म्हणजे "काम झालं, पण काहीतरी मोजावं लागलं", असा मधला निकाल असतो. किशोर भुतांच्या खेळाचा सगळा रस इथेच आहे. बेरजेत वरून काहीही न मिळवता टाकलं तर ३६ पैकी १५ वेळा मधला निकाल येतो, १५ वेळा अपयश आणि फक्त ६ वेळा निखळ यश. +३ केलं की निखळ यश २१ वेळा, मधला १२ वेळा आणि अपयश केवळ ३ वेळा. म्हणून भुताच्या शक्तीला +१ वर ठेवा. मोठा आकडा एखाद्या साध्या गोष्टीला द्या. ओंकारला थापा मारण्यात +२ शोभतो, रोजचा सराव आहे.

आणि कच्चा दुवा रोजच्या आयुष्यात आणून ठेवा. गिऱ्ह्याचा केस हा तयार दुवा आहे. पीटीचे सर दर महिन्याला केस बारीक करून यायला सांगतात. कटिंगला गेलं की सलूनच्या फरशीवर त्याचे केस पडणार, झाडूने गोळा होणार, कुणाच्याही हाती लागणार. घरी आईच्या कंगव्यात अडकलेला एक केसही तेवढाच धोक्याचा. इथे राक्षसपण आणि शाळकरीपण एकाच जागी येतं. अशी एक जागा सापडली की पात्र निम्मं तयार झालं समजा. ती सापडेपर्यंत दात, शिंगं, लाल डोळे यांचं वर्णन लिहूच नका.

कोपऱ्यातला एकटा

"तो कुणाशी बोलत नाही." मग खेळायचं कुणाशी? अबोल पात्र चालतं, पण त्याला इतरांची गरज हवी. तीन धागे बांधा: एकाचं देणं लागतो, एकीला अर्धं माहीत आहे, एकाचं मन जिंकायचंय. धागे घरून ठरवून आणू नका, टेबलावर विचारा. "तुझ्या पात्राने ओंकारला बिनपावसाचं भिजलेलं कधी पाहिलं?" उत्तर समोरच्याने द्यायचं आणि ते आपण मान्य करायचं. असा धागा दोघांच्याही लक्षात राहतो.

दुसऱ्याचं पात्र आपणच हलवणं

"ओंकार वर्गात शिरताच सगळे घाबरून मागे सरले." घाबरायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. तुम्ही इंद्रियांना कळेल तेवढं द्या, "वर्गात शेवाळाचा वास पसरला", आणि थांबा. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा डिस्कॉर्डवर लिहून खेळत असाल तर हे जास्त सांभाळा, कारण तिथे मध्येच थांबवायला समोर कुणी नसतं. एका पाळीत पाच-सहा ओळी पुरेत आणि शेवटची ओळ अशी हवी की पुढच्याला काही करता येईल.

गुपित खेळाडूंपासूनही लपवणं

पात्रांपासून लपवा, जीएमला सगळं सांगा आणि खेळाडूंना निदान खूण द्या. पाचव्या सेशनला धक्का द्यायचा बेत बहुधा फसतो, कारण तोवर कुणाला त्या पात्राचं फारसं काही वाटेनासं झालेलं असतं.

गाव उसनं आणणं

खेळ कोल्हापुरात आहे आणि शाळेत मात्र लॉकरच्या रांगा, प्रॉम नाइट, पिवळी बस. इथल्या पोराचं जग वेगळं आहे: पहाटेचा क्लास, केएमटीची बस, तालीम, रंकाळ्याची चौपाटी, स्नेहसंमेलन, गणपती मंडळ. फुटबॉल तर हक्काचा. इथले बहुतेक नावाजलेले संघ पेठांतल्या तालीम मंडळांचे आणि शाहू स्टेडियमवर पेठांची ईर्षा उघड दिसते. शिवाजी पेठेतलं भूत मंगळवार पेठेकडून खेळायला उतरलं, एवढ्यावर महिनाभराचा खेळ चालेल.

उलट टोकाची चूकही होते. प्रत्येक वाक्यात तांबडा-पांढरा, मिसळ, चप्पल आणि "नाद खुळा". गावातला माणूस दिवसभर असं बोलत नाही. एका प्रसंगात गावाची एकच खूण घ्या, पण ती नीट दाखवा. बोलीचंही तसंच: घरात "व्हय" म्हणणारा ओंकार सरांसमोर "हो सर" म्हणेल आणि घाबरला की तिथेही "व्हय" निसटेल. तेवढ्याने तो जिवंत होतो.

लोककथेतलं भूत घेताना एकच घ्या आणि त्याचे दोन-तीन नियम पाळा. मुंजा पिंपळावरचा, चकवा रात्री वाट चुकवणारा, हडळीची पावलं उलटी. त्यांना लसूण आणि चांदीची गोळी लावली की ना इकडचं राहतं, ना तिकडचं. काही भुतांना जुन्या कथांत जात किंवा धर्म चिकटवलेला आढळतो. तो भाग सरळ सोडून द्या, खेळाचं काही अडत नाही.

कोल्हासुराच्या वंशातलं पोर करायचा मोह कोल्हापुरात अनेकांना होतो. अंबाबाईने कोल्हासुराला मारलं आणि त्याच्या नावावरून गावाला नाव पडलं, ही कथा इथे सगळ्यांच्या ओठांवर आहे. ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडण्याचा विधी आजही होतो. ही लोकांची चालती श्रद्धा आहे. असं पात्र पूर्ण टेबलाची संमती असेल तरच घ्या आणि देवीला शत्रू करून किंवा तिच्या शक्तीचे आकडे मांडून खेळात उतरवू नका.

पाण्याची कथा, पुराची आठवण

पाण्यातलं भूत इथे खेळवताना ही काळजी घ्याच. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै इथल्या कित्येक घरांनी पाण्यात काढला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे पावसाळ्यात इथे घरोघरी तोंडपाठ असतात. बुडून मेलेल्या मुलाचं भूत करण्याआधी टेबलाला विचारा. शंका असेल तर ओंकारसारखं करा: गिऱ्ह्याच्याच घरात जन्मलेला, कुणीही न बुडता. भीती कमी होत नाही.

पहिल्या बैठकीत दोन याद्या करा: अजिबात नको असलेल्या गोष्टी आणि चालतील पण पडद्याआड ठेवायच्या गोष्टी. टेबलाच्या मध्यभागी फुली मारलेलं एक कार्ड ठेवा. कुणीही हात लावला की प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

खेळताना बिघाड दिसला तर

वीस मिनिटांत तुमच्या पात्राला कुणी काही विचारलं नाही, तर धागा तुटका आहे. वाट बघू नका, एकाच पात्राकडे काहीतरी मागा: "पेन देतोस?"

भूत दिसलं आणि सगळे हसले, तर बहुधा एकदम सगळं अंग दाखवलंत. हसू ओसरू द्या. पुढच्या वेळी एकच वस्तू दाखवा, जसं की कोरड्या फरशीवर दाराशी येऊन थांबलेली ओली पावलं.

शक्तीने सगळंच सुटत असेल तर जीएमने अवघडपणा वाढवू नये, किंमत वाढवावी. ओंकारच्या अंगातून तासभर टपकणारं पाणी नेमकं तोंडी परीक्षेच्या वेळी टपकू द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला पात्र निस्तेज वाटलं तर त्याची इच्छा पुरी होऊन गेलेली असते. पेनचा प्रश्न सुटला? शीटवरची ती ओळ खोडा आणि नवी लिहा. म्हणून शीट पेन्सिलनेच भरावी.

सर्वात नाजूक बिघाड म्हणजे दुसऱ्या खेळाडूच्या पात्राने ओंकारचा केस लवकर पळवणं. मनाविरुद्ध राबवलेलं पात्र खेळणं फार दमवतं, त्यामुळे मर्यादा आधीच ठरवा. एका सेशनला एकच हुकूम, तोही ओंकारच्या खेळाडूने "चालेल" म्हटल्यावर. केस कुठे ठेवलाय, हे जीएमला माहीत हवं आणि तो शोधायच्या निदान दोन वाटा हव्यात. तिसऱ्या सेशनपर्यंत केस परत मिळवण्याची संधी आलीच पाहिजे आणि त्या प्रसंगासाठी अर्धा तास राखून ठेवा.