आडाच्या पाण्याला वास मारतोय? पावडर टाकायच्या आधी हे करा

उन्हाळ्यात आडाचं पाणी तळाला गेलं की वास सुटतो, अन् लगेच कुणीतरी म्हणतंच, टाका टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. जरा थांबा. आधी पोहऱ्यानं ताजं पाणी काढून वास घ्या, मग नळाचं पाणी बघा, नुसत्या नळालाच वास असंल तर घाण वरच्या टाकीत नाहीतर पाइपात आहे. आडाचंच पाणी वासाचं निघालं तर वास कसला ते ओळखा, सडक्या अंड्यासारखा असंल अन् बायकांच्या पायातली जोडवी त्या पाण्यानं काळी पडत असतील तर तो हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी गॅस, बहुतेक तळाला पाचोळा कुजतोय. गटारासारखा असंल तर लई गंभीर. टेप घ्या अन् संडासाचा शोषखड्डा, उकिरडा, गोठा आडापासून किती लांब आहे ते मोजा, 15 मीटर तरी पाहिजेच, आपल्याकडं काळ्या मातीला भेगा अन् खाली फुटका खडक, घाण झिरपायला वेळ लागत नाही.

तोवर प्यायचं अन् सैपाकाचं पाणी दुसरीकडून आणा. सॅम्पल पावडर टाकायच्या आधीच द्यायचं, बाटली लॅबमधूनच आणायची, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची लॅब जिल्ह्याला असते. जंतूंसोबत नायट्रेटही बघायला सांगा. ते लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असंल तर वरचं दूध पिणाऱ्या बाळाला ते पाणी देऊच नका, उकळूनही नायट्रेट जात नाही.

आता गाळ काढायचं. हात जोडून सांगतो, घरच्या पोराला दोर बांधून खाली सोडू नका. कुजक्या गाळात पाय पडला की गॅस उसळतो, अन् तो जास्त झाला की नाकाला वासच येईनासा होतो, म्हणून वास गेला म्हणजे गॅस गेला असं धरूच नका. कंदील सोडून बघतात, तो विझला तर हवा नाही एवढं कळतं, पण जळत राहिला म्हणून विषारी गॅस नाही असं होत नाही. एकजण पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो अन् दोघंही जातात. ब्लोअर अन् सामान असलेली माणसं लावा, डिझेल इंजिन आत उतरवू नका.

गाळ निघाला की मग टीसीएल. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे 6 फूट रुंदीच्या आडात 10 फूट पाणी असंल तर साधारण 8000 लिटर अन् 20 ग्रॅम पावडर. पाकीट नवं घ्या, उघडं पडलेल्या पावडरीत दम राहत नाही. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी आडात सोडा अन् पोहरा खालीवर करून ढवळा. तासाभरानं ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची तपासणी, करून घ्या, पिवळा रंग आला नाही तर पावडर कमी पडली. पिणं मात्र लॅबचा रिपोर्ट चांगला आल्यावरच.

कठड्यावर जाळी बसवा, भोवतीचा ओटा फुटला असंल तर सिमेंटनं बुजवा. पहिला मोठा पाऊस झाला की सॅम्पल पुन्हा द्या, वरची घाण तेव्हाच आत उतरते.